कार्डावरचं तिसरं नाव

आमच्या घराण्यात माणसं रडतात भरपूर, सही मात्र करत नाहीत. हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, पोरीच्या कानापायी, नीट कळलं. खरं तर फार आधी कळायला हवं होतं, कारण मीही त्याच घराण्यातला.

पोर चार वर्षांची होती आणि तिचा उजवा कान वाहत होता. आधी सर्दी म्हणून, मग आंघोळीचं पाणी गेलं म्हणून, मग दात येताना असं होतं म्हणून आम्ही तीन-चार महिने घालवले. चार वर्षांच्या पोरीला कुठले दात येतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की पडद्यामागे मेलेल्या कातडीचं एक गाठोडं वाढतंय आणि ते आतलं हाड खातंय. ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं. नाहीतर त्या कानाचं ऐकू येणं जाईल, आणि त्याच्या पलीकडे आणखी काय होऊ शकतं, ते त्यांनी पोरीसमोर न बोलता कागदावर लिहून दाखवलं. तो कागद मी बायकोलाही दाखवला नाही.

ऑपरेशन माझ्या कामगार विम्यात बसत होतं. विम्याचा हप्ता पगारातून कापला जात होता, कार्ड होतं, विम्याच्या दवाखान्यातून मोठ्या इस्पितळात पाठवायची सोय होती. अडचण एवढीच की कार्डावर दोन नावं होती, माझं आणि बायकोचं. पोर दोन वर्षं आमच्या घरात जेवत होती, झोपत होती, मला बाबा म्हणत होती. कार्डाला ती माहीत नव्हती. कारण ती जन्मानं माझ्या धाकट्या भावाची.

आमचे पूर्वज जतकडून हुबळीत आले ते दोरे-बटणं विकत. जुन्या हुबळीत भर बाजाराच्या गल्लीत आजोबांनी घातलेलं, शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान अजून आहे. अस्तर, चेन, हुक, कॅनव्हास, रिळं. वडील गेल्यावर धाकटे चुलते घरातले थोरले झाले. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा आणि माझा भाऊ दुकान बघतात. मी बारावीनंतर दोन वर्षं तिथं बसलो आणि उठलो. गिऱ्हाइकाला हसून 'बसा की' म्हणायचं आणि तो पायरी उतरला की त्याच्या बायको-पोरांची निंदा करायची, हे मला जमेना. मी हुबळीबाहेर तारिहाळला, पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागलो. तयार माल तपासणं हे माझं काम. मापाचा गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर नापास. वीसहून जास्त वर्षं हेच करतोय आणि पगार अजून विम्याच्या मर्यादेच्या आतच आहे, एवढी माझी प्रगती. माणसांनाही मी तसाच गेज लावतो, असं बायको म्हणते. लावतो. नापास फार निघतात.

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. भावाला तिसरीही मुलगीच झाली. ती दोन वर्षांची झाल्यावर अप्पांच्या डोक्यात आलं की हिला थोरल्याच्या ओटीत घालावी. आमच्यात हे चालत आलेलं आहे. वडिलांची एक आत्या अशीच चुलत्याच्या घरी वाढली. कोर्ट नाही, कचेरी नाही. देवापुढं बसायचं, नारळ ठेवायचा, एकीनं मूल उचलून दुसरीच्या ओटीत द्यायचं आणि मग सगळ्यांनी जेवायचं. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. दुकानावरच्या घरी होळगी केली होती, आमच्या इथं पुरणपोळीला होळगीच म्हणतात. भावानं असा गळा काढला की समोरचा चपलांचा दुकानदार चौकशीला जिना चढून वर आला. अप्पांनी भाषण केलं. चुली दोन असल्या तरी घर एक, रक्त एक, वगैरे. सगळ्यांनी डोळे पुसले आणि पानं मांडली. मी भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, तुझे उपकार फिटायचे नाहीत. आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

पोर आली आणि आमचं घर कसं बदललं, त्यावर मी लिहिणार नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांना नाहीत त्यांना सांगणं वाईटपणा आहे. कारखान्यातल्या कागदात मात्र मी काहीही बदललं नाही. लग्न झालं, मूल झालं, घरातलं कुणी वारलं, तर ताबडतोब कळवून विम्यातली नावं बदलून घ्या, असं टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं आहे. मी रोज त्या फळ्याखाली उभा राहून हजेरीचं बोट लावतो. लोकांच्या कामातली केसाएवढी चूक मी पकडतो, आणि स्वतःच्या घरात एक आख्खं माणूस वाढलं तरी दोन वर्षं मी फळ्याखालून वाकून जात होतो. देवापुढं झालंय ना, मग झालंय, असं माझ्याही डोक्यात होतं. घराण्याचं रक्त एक आहे म्हणतात ते खोटं नाही.

डॉक्टरीणबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात गेलो. तिथला माणूस कामापेक्षा डब्यातल्या चटणीसाठी जास्त प्रसिद्ध आहे. त्यानं संगणकावर माझं खातं उघडलं. नाव, जन्मतारीख, आधार नंबर, नातं. नात्यात त्यानं मुलगी असं निवडलं आणि जन्मदाखला मागितला. दाखल्यावर बाप म्हणून माझा भाऊ आणि आई म्हणून भावजय. आधारवरही तेच. पोर मी पळवून आणली असावी, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याला उपाय सुचला. दाखल्याचा फोटो जरा अंधारात काढू, बापाचं नाव दिसणार नाही, कोण बघत बसतंय. मी म्हटलं, बघणारा एक तरी निघतोच, मी स्वतः बघण्याचाच पगार घेतो. तो नाराज झाला. इतकं मोठं मन करून त्यानं खोटेपणा देऊ केला होता आणि मी तो घेतला नव्हता.

मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून विम्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. पोरीचे कागद चाळून त्यांनी विचारलं, "निम्म मगळेन्री?" तुमचीच मुलगी का, असं. मी हो म्हणालो. मग दत्तकाचा कागद कुठं आहे, असं विचारलं. मी त्यांना ओटीचा कार्यक्रम सांगितला. पुरावा म्हणून मोबाईलवरचे फोटो दाखवले. बाईंनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. एका फोटोत माझा भाऊ तोंड उघडून रडत होता, तो त्यांनी मोठा करून पाहिला. मग मोबाईल परत देत कन्नडमध्ये म्हणाल्या की हा कार्यक्रम झाला, कार्डावर कार्यक्रम चढत नाही. दत्तकपत्र आणा. रजिस्टर केलेलं. देणाऱ्या आई-बापांच्या सह्या, घेणाऱ्या आई-बापांच्या सह्या. ते आलं की चार दिवसांत नाव चढवते.

घरी येईपर्यंत मी बसमध्ये त्या बाईंना मनात शिव्या घालत होतो. सरकारी खुर्ची बुडाखाली आली की माणसाला रडणाऱ्या माणसातही कार्यक्रम दिसतो, असं मी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली की बाईंनी काय आणायचं ते सांगितलं की नाही. सांगितलं होतं. चूक कुठं आहे आणि ती कशी दुरुस्त करायची, हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं होतं. माझ्या घराण्यातल्या कुणीही मला आजवर इतकी मदत केलेली नाही.

संध्याकाळी दुकानात गेलो. भाऊ इलॅस्टिक मोजत होता. मी कानाचं सांगायला लागलो तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी त्याच्याकडे तयारच असतं. मग मी दत्तकपत्राचं काढलं आणि ते पाणी आटलं.

"अण्णा, घरातल्या घरात कागद कशाला पायजे?" तो म्हणाला. "मी दिलोय म्हटलं की दिलोय."

मी म्हटलं, तू दिलेलं विम्याच्या ऑफिसला ऐकू येत नाही. तो म्हणाला, अप्पांना विचारा. अप्पा गादीवर बसून हे सगळं ऐकतच होते. भावाभावात आपल्यात कागद होत नाही, असं ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

हे आमच्या घराण्याचं एकुलतं एक तत्त्वज्ञान आहे. कागद झाला म्हणजे विश्वास उडाला. कागद म्हणजे वाटणी, आणि वाटणी म्हणजे गल्लीत नाक कापलं जाणं. म्हणून दुकान आजही आजोबांच्या नावावर आहे. विजेचं बिल आजोबांच्या नावानं येतं. शेजारच्या एका घराण्यानं कधीकाळी भावाभावांत कागद केला, तर त्यांचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं अजून आवाज खाली करतात. मेलेल्या माणसाच्या नावावर तीन पिढ्या जगणं यांना अब्रूचं वाटतं आणि जिवंत पोरीचं नाव एका कागदावर लिहिणं बेअब्रूचं.

मी दुसरा मार्ग काढून पाहिला. भावाच्या रेशनकार्डावर पोरीचं नाव होतंच. त्या कार्डावरही सरकारी उपचाराची योजना आहे, फक्त त्याचं कार्ड वरच्या वर्गातलं असल्यानं खर्चाचा बराच वाटा त्याला स्वतः उचलावा लागला असता. मी म्हटलं, कागद नको ना, मग तुझ्या कार्डावर कर ऑपरेशन. भाऊ एका क्षणाचाही विचार न करता म्हणाला की ती आता तुमची की अण्णा. म्हणजे खर्चाला पोर माझी आणि कागदाला त्यांची. हे बोलताना त्याला लाज वाटली असं म्हणावं, तर तो इलॅस्टिक मोजतच होता.

पुढचे तीन आठवडे टोलवाटोलवीत गेले. अमावास्या जाऊ दे. लग्नसराई आहे, दुकान सोडता येत नाही. अप्पांचा गुडघा धरलाय. अप्पांना विचारल्याशिवाय भाऊ बोलेना आणि अप्पा काही केल्या होकाराची मान हलवेनात. मी रोज सुटी झाल्यावर तारिहाळहून थेट दुकानात जायचो आणि रोज मला चहा पाजून माझी बोळवण व्हायची. इकडे पोरीच्या उशीवर सकाळी पिवळा डाग असायचा. उजवीकडून हाक मारली तर ती डावीकडे बघायला लागली होती. तिला वाटायचं आम्ही खेळतोय, आणि ती हसायची.

भावजयीचा फोन मात्र रोज यायचा. भाऊ दुपारी जेवून आडवा झाला की ती माझ्या बायकोला फोन करायची. आज किती वाहिलं, वास येतोय का, रक्त दिसलं का, थेंब घालताना रडली का. खरं म्हणजे कानाचं दुखणं पहिल्यांदा तिनंच ओळखलं होतं. नागपंचमीला पोर त्यांच्याकडे गेली होती, तेव्हा तिनं तिला जवळ घेऊन कानाशी नाक नेलं आणि माझ्या बायकोला सांगितलं की अक्का, ही सर्दी नव्हं, मोठ्या डॉक्टरला दाखवा. माझ्याशी ती फारसं बोलायची नाही. थोरल्या दिरासमोर आमच्याकडे सुना बोलत नाहीत, हीही एक अब्रू. बाई मायाळू आहे, पण त्या घरात तिचं काही चालत नाही, तिच्याकडून काही व्हायचं नाही, असं ठरवून मी तिला मनात बाजूला ठेवून दिलं होतं.

शेवटी एका रविवारी मी दुकानात आवाज चढवला. कान गेला तर उद्या पोरीला कोण सांगणार, की तुझा कान आमच्या अब्रूसाठी गेला, असं विचारलं. भाऊ रिळांचं खोकं उघडून रिळं लावायला लागला. आणि अप्पांच्या तोंडून एकदाचं खरं बाहेर पडलं. "कागद झाला की ती तुझी वारस झाली," ते म्हणाले. "वारस झाली की हिस्सा आला. दुकानात उद्या जावई येऊन उभा राहील की रे."

हे त्यांनी आज ठरवलेलं नव्हतं. माझ्यामागे मूल नसतं, तर दुकानातला माझा हिस्सा न बोलता भावाच्या लेकरांकडे गेला असता. पोर कागदाशिवाय माझ्याकडे वाढली तरी तो जाणारच होता. होळगीचं पुरण शिजायच्या आधीच हे सगळं शिजलेलं होतं. यातला विनोद असा, की कागद केला असता तरी तो हिस्सा भावाच्याच पोटच्या पोरीला मिळणार होता. तरी तो भावाला सलत होता. इतका स्वच्छ, कुठंही मायेचा ओरखडा नसलेला स्वार्थ मी आधी पाहिला नव्हता. रिळं लावता लावता त्यानं एकदाही मान वर केली नाही.

मी तिथल्या तिथं म्हणालो की दुकानावरचा माझा हक्क सोडल्याचं लिहून देतो. तो कागद चालेल का?

भावाभावात कागद होत नाही म्हणणाऱ्या अप्पांनी दुसऱ्या दिवशी दहाच्या आत वकील शोधला. अमावास्या कुठं गेली, लग्नसराई कुठं गेली, कळलं नाही. गुडघाही बरा झाला. त्याच आठवड्यात दोन कागद तयार झाले, एक माझं हक्कसोडपत्र आणि दुसरं पोरीचं दत्तकपत्र. आधी हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावं आणि मग दत्तकपत्र, एवढी एक सूचना भावानं स्वतःच्या डोक्यानं केली.

ते चार-पाच दिवस मी मान ताठ करून हिंडलो, हे कबूल करतो. एका पोरीसाठी मी आजोबांचं दुकान सोडलं होतं. कॅन्टीनमध्ये मी हे दोघांना सांगितलं. टाइम ऑफिसवाल्यालाही सांगितलं, त्याला काही संबंध नसताना. बायकोला तर तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली की सोडलं ते चांगलं केलंत, आता ते उगाळू नका. मला वाटलं, हिला त्याची किंमत कळली नाही. सबंध घराण्यात गेजला बसणारा मीच एकटा निघालो, या आनंदात मी होतो.

रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही सगळे गेलो. अप्पा साक्षीदार म्हणून धुतलेलं धोतर नेसून आले होते. भावजय दोन पावलं मागे उभी होती. पोर बायकोच्या मांडीवर होती, कानात कापसाचा बोळा. आधी माझा कागद झाला. ज्यानं आयुष्यात शाळेचं पुस्तक पूर्ण वाचलं नाही, त्या माझ्या भावानं हक्कसोडपत्र ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि एका ठिकाणी दुकानाची उत्तरेची हद्द नीट लिहिली नाही म्हणून वकिलाला टोकलं. दत्तकपत्र त्यानं वाचलं नाही. नुसतं शेवटचं पान उलटून सही कुठं करायची ते विचारलं.

रजिस्ट्रारसाहेब चष्म्यातून दत्तकपत्र वाचत होते. कन्नडमध्येच त्यांनी आधी भावाला विचारलं की तू राजीखुशीनं देतोयस का. भाऊ हो म्हणाला, आवाज थोडा कापरा करून. मग त्यांनी भावजयीकडे पाहिलं आणि विचारलं, "निमगऽ ऒप्पिगि ऐतेन्री?" तुमची संमती आहे का, एवढंच. मुलाच्या आईलाही विचारावं लागतं, तिची वेगळी सही लागते, तसा कायदा आहे.

भाऊ म्हणाला, होय की साहेब, तिची काय तक्रार नाही. साहेब म्हणाले, मी बाईंना विचारलंय.

भावजयीनं साहेबांकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी सरळ अशी पहिल्यांदाच बोलत होती.

"अण्णा, तुमी ह्यास्नी दुकान दिलासा म्हणं," ती म्हणाली. "पोर माझी, आणि बोलणं दुकानाचं झालं. मला कुणीच विचारलं न्हाई. त्यांनी न्हाई, तुमीबी न्हाई."

भाऊ तिला गप्प करायला लागला. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग भावजयीला म्हणाले की बाई, कुणी जबरदस्ती करत असेल तर सांगा, तुमच्या मनात नसेल तर मी हे रजिस्टर करणार नाही.

मी खरं तेच लिहितो. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की काय वेळ शोधली या बाईनं. डॉक्टरीणबाईंच्या दोन महिन्यांतले जेमतेम तीन आठवडे उरले होते. दुकान गेलं, कान जाणार, आणि हिला आज तोंड फुटलंय. भावासाठी आणि अप्पांसाठी जे शब्द मी इतके दिवस मनात वापरत होतो, ते सगळे क्षणभर मी तिला लावले. मग माझं लक्ष बायकोकडे गेलं. तिनं मान खाली घातली होती आणि पोरीच्या पोटाभोवतीचा हात सैल सोडला होता. पोर उतरून गेली असती तर तिनं जाऊ दिलं असतं. भावजयीच्या मनातलं तिला माहीत होतं. रोज दुपारी फोनवर ती जे ऐकत होती, ते कानाबद्दलचं नव्हतं, किंवा नुसतं कानाबद्दलचं नव्हतं. हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी मी दिली न्हवती," भावजय म्हणाली. "अप्पा म्हणाले ठेव, म्हणून ठेवली. मी आत जाऊन होळग्या लाटत बसले. कुणी बघायला आलं न्हाई." मग साहेबांकडे वळून तिनं तेच कन्नडमध्ये सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आज मी देते. तिच्या कानासाठी देते. तसं लिहा."

साहेब म्हणाले की कारण लिहायची इथं सोय नाही. मग नुसतं लिहा, असं ती म्हणाली आणि टेबलाशी आली. तिनं सावकाश, कन्नड अक्षरांत, स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं. वकिलानं दाखवलेल्या जागेत ते मावलं नाही, तरी तिनं ते आखडून लिहिलं नाही. मग पोरीच्या कानातला बोळा तिनं नीट बसवला आणि बायकोला म्हणाली की अक्का, डाव्या कुशीवर निजवा, उजवा कान वर राहू दे. त्यानंतर ती बाहेर जाऊन भावाच्या मागे दोन पावलं उभी राहिली. अप्पा साक्षीदाराच्या जागी सही करायला आले तेव्हा त्यांची सही ओळीखाली घसरली. वय झालंय, असं ते स्वतःच म्हणाले.

कान वाचला, हे इथंच सांगून टाकतो. नाव सांगितल्याप्रमाणे चार दिवसांत चढलं, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली, ऑपरेशन मुदतीत झालं. उजव्या कानानं तिला थोडं कमी ऐकू येतं, पण येतं. विम्याच्या ऑफिसातल्या बाईंना मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी ते नियमात बसत नाही म्हणून परत केले आणि एक पेढा पोरीच्या हातात दिला.

पण मला आठवतो तो रजिस्ट्रेशनच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. सकाळी टाइम ऑफिसात दत्तकपत्राची प्रत घेऊन गेलो. चटणीवाल्यानं ती आधी वरखाली बघितली, खूश झाला, आणि कुटुंबातल्या बदलाचा कारखान्याचा फॉर्म काढून स्वतःच भरायला लागला. मुलीचं नाव. नातं, दत्तक मुलगी. पुढचा रकाना होता, कुटुंबात कधीपासून. तिथं त्याचं पेन थांबलं. ओटीचं सगळं मी त्याला सांगितलेलं होतं, फोटोही त्यानं पाहिले होते. पूजेच्या दिवसाची तारीख घालू, का कालची, असं त्यानं विचारलं. दोन वर्षं आधीची घातली तर नातं पक्कं दिसेल, साहेबलोकांना बरं वाटतं, असंही म्हणाला. या वेळी तो खोटं करायला सांगत नव्हता. पोर खरोखरच दोन वर्षं आमच्याकडे होती.

मी त्याला कालची तारीख घालायला सांगितली. त्याआधी ती आमच्या घरात होती एवढंच, आम्हाला ती कुणी दिलेली नव्हती.